बिनसरदाराची फळी

डोंबिवली पूर्व,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय उत्तम,

नमस्कार. विमलावहिनींना आम्हा दोघांचा नमस्कार सांग, आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या प्राचीला आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. थंडी पडली असं म्हणवत नाही, पण सकाळी गॅलरीत बसलं की ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, इतपत हवा फिरली आहे. अशा हवेत मला शाळेतल्या कविता आठवतात. तू म्हणशील, तुला कुठल्या हवेत आठवत नाहीत? हेमाचंही तेच म्हणणं. तुमच्या डोक्यात अजून पाचवीचा वर्ग भरलेला असतो, म्हणते, आणि मास्तर घरी गेलेले असतात.

काल तुझी सून प्राची येऊन गेली. शीळफाट्याहून दोन रिक्षा बदलून, मांडीवर खोका सांभाळत आली बिचारी. पाणी प्यायली, पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काका, बाबांनी हे तुमच्याकडे द्यायला सांगितलंय. कुणाला द्यायचं असेल त्याला द्या. ते आता खेळणार नाहीत." सांगितलंय म्हणजे कसं, ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. आधी खोक्याकडे बोट केलंस, मग खिडकीबाहेर.

ती गेल्यावर मी खोका उघडला. तुझं सगळं घोडदळ स्पंजच्या खाचांत शहाण्या मुलांसारखं झोपलेलं होतं. भिंग घेऊन एकेक पाहत बसलो. बोटाच्या पेराएवढा स्वार, आणि त्याच्या पागोट्याच्या पिळाला दोन रंग. रंगाच्या कारखान्यात जन्मभर तू एका डब्यासारखा दुसरा डबा जुळवलास. फरक पडला तर माल परत यायचा. आणि इथे एका घोड्यासारखा दुसरा घोडा नाही. एक भिजलेल्या विटेसारखा, एक करपलेल्या गुळासारखा, एकाच्या मानेवर तर कोवळं ऊन पडलंय असं वाटतं. मी तुला एकदा विचारलं होतं की ते ऊन कसं आणलंस. तू म्हणालास, पिवळा कमी टाकला. मला तेव्हा फार राग आला होता. कवितेचा अर्थ विचारावा आणि कुणी व्याकरण सांगावं, तसं झालं.

आपल्या मुलांसाठी दिवाळीत जिन्याखाली किल्ला करायचो, तिथून हे सुरू झालं. तू माती कालवायचास, मी भूमापन कार्यालयातला कारकून म्हणून बुरूज मोजूनमापून घालायचो. मुलं मोठी झाली आणि किल्ला आपल्याकडेच राहिला. मग कुठून तरी कळलं की जगात मोठी माणसंही असली सैन्यं टेबलावर मांडून, पट्टीनं अंतर मोजून, फासे टाकून जुन्या लढाया खेळतात आणि त्यांच्या स्पर्धाही भरवतात. तुला किती बरं वाटलं होतं. म्हणालास, म्हणजे आपण वेडे नाही. हेमा म्हणाली, म्हणजे तुम्ही एकटेच नाही, एवढंच.

तुझ्या तब्येतीचं मी काही विचारत नाही. प्राचीकडून कळतं. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा त्या झटक्यानंतर तुम्ही मुलाकडे गेलात हे उत्तमच झालं. फोन करत होतो, तू घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

खोका माझ्या कपाटात आहे. कुणाला दिलेला नाही. तेवीस तारखेला ठाण्याची विभागीय स्पर्धा आहे. जोडीचं नाव आपण पावसाळ्याआधीच दिलं होतं, ते काढायचं राहून गेलं. जाऊन येईन म्हणतो.

तुझा
प्रभाकर


डोंबिवली पूर्व,
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय उत्तम,

नमस्कार. वहिनींनी पाठवलेलं आवळ्याचं लोणचं पोचलं. हेमानं बरणी फडताळात वर ठेवली आहे, म्हणजे माझा हात पोचू नये. माझा हात पोचतो.

काल ठाण्याला जाऊन आलो. निकाल तू आधी विचारशील, म्हणूनच तो शेवटी सांगणार आहे.

ठाणं बाहेरून एवढं उंच झालंय की मान दुखते, पण त्या शाळेचा हॉल तसाच आहे. खडूचा वास अजून येतो. फळ्यावर कुणीतरी सुविचार लिहून अर्धा पुसला होता. मी तिथे जरा रेंगाळलो. भिंतीवर इयत्तांच्या पाट्या होत्या, त्या वाचत उभा होतो, तेवढ्यात गुरुदत्तनं मागून हाक मारली. या वर्षीही मुख्य पंच तोच आहे. दाढी पिकली, आवाज तोच. "कर्णिक, या. जोडीदाराची सोय केली आहे."

सोय म्हणजे पायल नावाची मुलगी. आर्किटेक्ट आहे, घोडबंदर रोडला राहते. खेळायला लागून फार दिवस झाले नाहीत, पण नियम सगळे वाचून आलेली. तुझं घोडदळ खोक्यातून काढताना तिनं एकही स्वार मानेला धरून उचलला नाही, तळाला धरून उचलला. तेवढ्यावरच मला ती आवडली.

आता प्राची, तुला हे मोठ्यानं वाचायचं आहे, तर तुला कळावं म्हणून सांगतो. टेबलावर हिरवं कापड, त्यावर थर्मोकोलच्या टेकड्या. दोन्ही बाजूंना सैन्य, आणि प्रत्येक सैन्याच्या दोन फळ्या, उजवी आणि डावी. एकेका फळीला एकेक सरदार, म्हणजे टेबलापाशी उभा असलेला जिवंत माणूस. त्यानं आधी हुकूम सांगायचा, मग पट्टीनं मोजून माणसं हलवायची, मग फासे. सरदार हजर नसेल तर ती फळी हलत नाही. अंगावर कुणी आलं तर लढते, एरवी नुसती जागा धरून उभी. तिला आम्ही बिनसरदाराची फळी म्हणतो. आमची उजवी नेहमी माझ्याकडे, आणि डावी, घोडदळाची, तुझ्या सासऱ्याकडे.

डाव सुरू होण्याआधी गुरुदत्तनं विचारलं, उजव्या फळीचा सरदार? मी म्हटलं, प्रभाकर कर्णिक. त्यानं विचारलं, डाव्या?

उत्तम, तू माझ्यावर विश्वास ठेव, मी काही ठरवून केलं नाही. इतक्या वर्षांची जिभेची सवय. मी म्हटलं, उत्तम गवाणकर.

गुरुदत्तनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शेजारी पायल पट्टी हातात घेऊन उभी. मी म्हणणार होतो, चुकलं, पायलचं नाव घाल. पण एकदा जाहीर झालेला सरदार स्पर्धा संपेपर्यंत बदलता येत नाही, आणि हा नियम आणला कुणी? आपणच. कल्याणच्या स्पर्धेत त्या जोडीनं मधेच सरदार बदलला म्हणून तू कसा भांडला होतास, आणि मी कसा मागे उभा राहून मान डोलावत होतो. गुरुदत्त हळू आवाजात म्हणाला, "नियम तुमचाच आहे, कर्णिक." मी म्हटलं, हो, माझाच आहे.

पायल म्हणाली, "काका, मग मी आता काय करू? चहा सांगू?"

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. माझा चेहरा बघून तिलाच दया आली असावी. म्हणाली, ठीक आहे, डाव्या फळीवर हल्ला झाला तर फासे मी टाकते.

पहिला डाव भगवानशी. कोपरचा भगवान म्हात्रे, आपला जुना फिरंगी. अजूनही पोर्तुगीजच मांडतो. कुणीतरी विचारलं, तुम्ही आगरी माणूस आणि फिरंग्यांच्या बाजूनं? तर म्हणाला, सगळेच मराठे झाले तर मारायचं कुणाला? पोट सुटलंय, पण टेबलाभोवती अजून भिंगरीसारखा फिरतो.

तू असतास तर बघितलं असतंस तसं सांगतो. तुझी फळी ओढ्याच्या अलीकडे, आपल्या नेहमीच्या जागी. समोर भगवानचे निवडक बंदूकवाले. मला वाटलं, आता दोन चालींत तो ते उचलून माझ्या अंगावर आणेल, कारण हलू न शकणाऱ्या फळीसमोर चांगली माणसं कोण ठेवतं? पण नाही. तो उजवीकडे माझ्याशी लढत होता, आणि तिकडे त्याचे बंदूकवाले तुझ्या घोड्यांकडे तोंड करून उभे ते उभेच. पायलला राहवेना. तिनं सरळ विचारलं, काका, ती फळी हलणार नाही हे माहीत आहे ना तुम्हाला?

"माहीत आहे की."

"मग इतकी माणसं तिथे का ठेवलीत?"

भगवाननं तुझ्या स्वारांकडे एक नजर टाकली. "उत्तमशेठची फळी आहे ती. तिला पाठ नाय देणार."

"पण हलायचा नियमच नाहीये."

"नियम तुला माहीत," भगवान म्हणाला. "मला उत्तमशेठ माहीत."

तो डाव आपण जिंकलो. त्याची ती माणसं इकडे आली असती तर माझं काही खरं नव्हतं. हात मिळवताना त्यानं माझा हात सोडलाच नाही. तू कसा आहेस ते विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. मग म्हणाला, खरं सांगा. मी म्हटलं, मला माहीत नाही रे.

जेवणाच्या सुट्टीत मी हेमानं दिलेले दडपे पोहे खाल्ले आणि माझी छाती फुगली होती ते कबूल करतो. मनात एक कविताच जुळत होती, घोडे न हलता जिंकतात, स्वार दूर असतो, असलं काहीतरी. यमकही सापडत होतं.

दुसरा डाव कल्याणच्या ऋतुराजशी. कॉलेज नुकतंच संपलेला मुलगा, फार अदबीचा. वाकून नमस्कार केला मला. आणि मग त्यानं काय केलं, तर तुझ्या फळीकडे एकदाही पाहिलं नाही. बाजूनं निघून गेला. रस्त्यात झाड असावं आणि माणसानं वळसा घालावा, तसा. त्याचं सगळं सैन्य माझ्यावर. मी टेकडीवर होतो ती सोडली, ओढ्याकडे सरकलो, वाटलं तुझ्या घोड्यांच्या जवळ गेलो तर काही होईल. काही झालं नाही. होणारच नव्हतं. तुझी फळी दहा बोटांच्या अंतरावर उभी होती, सगळी माझ्याकडे बघत होती असं मला वाटलं, आणि माझी माणसं एकेक करून टेबलावरून उचलली जात होती.

तर निकाल असा, एक जिंकलो, एक हरलो, आणि मधला कुठला तरी नंबर. तुझ्या फळीचा एकही माणूस पडला नाही.

आवराआवर करताना पायलनं एकेक स्वार परत खाचेत ठेवला. शेवटी खोक्याचं झाकण लावून म्हणाली, "काका, रागावू नका. पुढच्या वेळी एकतर मला उभं करा, नाहीतर त्यांना आणा. असं अर्ध्यात नको."

परत येताना मी या पत्राचं शेवटचं वाक्य घोकत होतो. तुझी फळी शेवटपर्यंत अभंग उभी राहिली, असं काहीसं होतं ते. घरी येऊन हेमाला म्हणून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "छान आहे. पण हरलात ना?"

ते वाक्य मी खोडलं. उत्तम, मला तुझी फळी उभी नको आहे. तुझ्या नावाचा मान वगैरे मला नको. भगवान तुला घाबरतो हे ऐकून तुला बरं वाटावं म्हणून मी पानभर लिहिलं, पण मला स्वतःला त्यानं बरं वाटलं नाही. ऋतुराज तुझ्या बाजूनं निघून गेला तेव्हा मला जे वाटलं, ते तुला सांगायला मला शाळेच्या पुस्तकात शब्द सापडत नाहीत. मला तू टेबलापाशी पाहिजेस.

गुरुदत्तला मी विचारून ठेवलंय. सरदारानं हजर राहून हुकूम द्यायचा, एवढंच लिहिलंय. कुठल्या हातानं माणसं हलवायची ते लिहिलेलं नाही. खुर्चीवर बसून काठीनं दाखवलं तरी चालेल का, म्हटलं. तो म्हणाला, समजलं म्हणजे झालं. कल्याणची स्पर्धा अठरा जानेवारीला आहे. नावं डिसेंबर संपायच्या आत द्यायची आहेत.

उत्तराची घाई नाही. म्हणजे आहे, पण पत्रात तसं लिहीत नाहीत.

तुझा
प्रभाकर

ता. क. या वेळी तुला विचारल्याशिवाय कुणाचंही नाव कुठे देणार नाही. पायलला शब्द दिला आहे, की तू नाही म्हणालास तर डावी फळी तिची.


डोंबिवली पूर्व,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय उत्तम,

नमस्कार, नमस्कार, नमस्कार. वहिनींना, प्राचीला, आणि लिफाफ्यावर आमचा पत्ता घालणाऱ्या तुझ्या मुलालासुद्धा.

तुझं पत्र आलं. कॅलेंडरच्या पाठीवर, डाव्या हातानं, दोन ओळी. पहिली ओळ मी एवढ्या वेळा वाचली की हेमा विचारायला आली, काय लिहिलंय. मी वाचून दाखवली. टेकडी सोडलीस कशाला गाढवा.

ती हसली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली. मी मात्र मुळीच हसलो नाही. माझं डोकं त्या क्षणी भूमापन कार्यालयातल्या साहेबासमोर असायचं तसं खाली गेलं. खरंच सोडायला नको होती. टेकडीवर राहिलो असतो तर त्या पोराला वर चढून यावं लागलं असतं. हे ठाण्याच्या हॉलमध्ये कुणालाच दिसलं नाही, पायललाही नाही, आणि तुला शीळफाट्याच्या खिडकीत बसून दिसलं. मग उत्तम, खिडकीबाहेर बोट कसलं करतोस?

तुझी अक्षरं तिरकी आहेत, काना कुठे, वेलांटी कुठे. पहिलीतल्या मुलाची असतात तशी. मला ती फार आवडली. रागावू नकोस.

दुसरी ओळ आहे, बोललेलं कुणाला समजत नाही.

यावर मी काय लिहू याचा आठवडाभर विचार केला. गोड काहीतरी लिहिणार होतो. सगळं ठीक होईल, व्यायाम कर, असलं. तुला चीड आली असती. तेव्हा जे मी कुणालाच सांगितलेलं नाही, ते सांगतो.

मला नीट ऐकू येत नाही. आज नाही, तू आजारी पडायच्या बऱ्याच आधीपासून. डाव्या कानानं तर जवळजवळ नाहीच. यंत्र घेतलंय, ते ड्रॉवरमध्ये असतं, आणि ठाण्याला निघताना हेमानं दारात उभं राहून लावायला लावलं म्हणून भगवानचं बोलणं मला कळलं. आपण खेळायचो तेव्हा तू माझ्या डाव्या बाजूला. हुकूम तू गुरुदत्तला सांगायचास, आणि त्यातलं मला अर्धंसुद्धा कळायचं नाही. मी तुझ्याकडे बघायचो. तुझी नजर कुठल्या घोड्यावर आहे, हनुवटी कुठे वळली, पट्टी उचलायच्या आधी तू ओठ कसे मिटतोस. त्यावरून मी माझी माणसं हलवायचो, आणि आपण बहुतेक वेळा जिंकायचो. तुला वाटायचं, प्रभाकर किती लक्ष देऊन ऐकतो.

फोनचंही तसंच. तू घेत नव्हतास म्हणून मी पत्र लिहिलं, असं मी म्हटलं. पण दोनचारदा घंटा वाजत राहिली तेव्हा मलाच सुटल्यासारखं झालं. तू घेतलास, काही बोललास आणि मला कळलं नाही, तर तुला वाटणार, आपल्या जिभेचा दोष. माझ्या कानाचा दोष तुझ्या माथी बसला असता, आणि मी तो बसू दिला असता, अशी मला भीती होती. भित्रा आहेच मी. म्हणून तर मला घोडदळ कधी मिळालं नाही.

तेव्हा बोललेलं कुणाला समजत नाही ही अडचण आपल्या जोडीत नवी नाही. तुला आत्ता कळली, एवढंच.

आता कामाचं. पायलशी बोललो. तू खुर्चीवर बसशील, दाखवशील, ती माणसं हलवेल. तिला म्हटलं, तुला पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली राहावं लागेल. ती म्हणाली, चालेल, पण चहा तुम्ही सांगायचा. गुरुदत्तला नाव दिलेलं नाही. ते तू देशील तेव्हा.

पुढच्या रविवारी सकाळी मी तुझ्याकडे येतो. हिरवं कापड, टेकड्या, फासे आणि तुझा खोका घेऊन. तुम्ही सातव्या मजल्यावर असलात तरी तिथे लिफ्ट आहे, तेव्हा सबब चालणार नाही. जेवणाचं टेबल मोकळं ठेवायला प्राचीला सांगितलंय. वहिनींनी दार उघडल्यावर तू आतल्या खोलीत निघून गेलास तर मी टेबल मांडेन, दोन्ही फळ्या लावेन आणि बसून राहीन. मला काही उद्योग नाही, कविता पाठ आहेत.

पण बाहेर आलास तर एक कर. खुणेनं दाखवू नकोस. काठी नंतर, कल्याणला. रविवारी माझ्याशी बोल. अडखळ, थांब, चिड, शिवी दे, पुन्हा पहिल्यापासून सांग. मला पहिल्या खेपेला कळणार नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. मी यंत्र लावून येईन आणि या खेपेला तुझ्या हनुवटीकडे न बघता ऐकेन. कळल्याशिवाय एकही घोडा हलवणार नाही.

तुझ्या हुकमासाठी थांबलेला
प्रभाकर